छातीतली कळ आणि कॉम्प्युटरचे दोन टक्के

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास, जेवण झाल्यावर, त्यांच्या छातीत मधोमध दाबल्यासारखे दुखू लागले आणि थोडा घामही आला. ओवा खाल्ला, इनो घेतले, पण उतार पडेना म्हणून पावणेदहाला जवळच्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले. ईसीजी नॉर्मल निघाला. दहाला आणि पुन्हा एक वाजता रक्त घेतले, दोन्ही वेळा ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) नॉर्मल. तिथल्या तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारून उत्तरे कॉम्प्युटरवर भरली आणि म्हणाले, ‘स्कोअर तीन आहे, पुढच्या सहा आठवड्यांत हृदयाचा मोठा त्रास होण्याची शक्यता साधारण दोन टक्के. घरी जा, आठवड्याभरात ओपीडीत दाखवा.’ सोबत पित्ताच्या गोळ्या दिल्या. माझ्या मोठ्या दिरांची पन्नासाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली आहे. ते फार चिडले. ‘हे डॉक्टर आहेत की मटक्याचा आकडा काढणारे? उद्याच पुण्याला नेऊन अँजिओग्राफी करू,’ असे त्यांचे म्हणणे. यजमान म्हणतात, ‘कॉम्प्युटरने सांगितले ना, मग विषय संपला,’ आणि ते ओपीडीतही गेलेले नाहीत. त्यांना बीपीची गोळी आहे, ती अधूनमधून चुकते. सिगारेट नाही, पण तंबाखू खातात. गेल्या वर्षी कारखान्यातल्या शिबिरात साखर वाढलेली निघाली होती, पुढे तपासली नाही; त्या रात्री हे सांगायचे राहूनच गेले. जिवाचा निर्णय असा कॉम्प्युटरवर सोडावा का? आणि ते दोन टक्के आमच्याच वाट्याला येणार नाहीत, याची हमी कोण देणार?
— एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला निरोप पाठवला होता की, सदरातील उत्तराची वाट न पाहता यजमानांना फाइलसह फिजिशियनकडे घेऊन जा. त्या रात्रीच्या डॉक्टरांनी काही भलते केले असे मला वाटत नाही. परंतु त्यांच्यापर्यंत सगळी माहिती पोहोचली नव्हती, आणि त्यांच्या सल्ल्याचा उत्तरार्ध, म्हणजे ओपीडीत दाखवणे, तुमच्या घरी कोणी पाळला नाही. या दोन्ही गोष्टी घाईने दुरुस्त करण्याजोग्या आहेत, म्हणून तो निरोप.

प्रथम तुमच्या दिरांच्या रागाविषयी. मटक्यात आज कोणता आकडा लागेल याचा कालच्या आकड्याशी काही संबंध नसतो. तुमच्या यजमानांना सांगितलेला आकडा मात्र अशाच तक्रारी घेऊन पूर्वी रुग्णालयात आलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याच्या नोंदींवरून काढलेला आहे. तुमच्या वर्णनावरून तो ‘हार्ट स्कोअर’ असावा. ही पद्धत नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडली आणि पुढे तिथल्याच दहा रुग्णालयांतील २४४० रुग्णांवर तपासून तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांचा स्कोअर शून्य ते तीन होता, त्यांच्यापैकी १.७ टक्के लोकांना सहा आठवड्यांच्या आत हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट किंवा बायपास करावी लागली किंवा मृत्यू आला. चार ते सहा स्कोअर असणाऱ्यांत हे प्रमाण १६.६ टक्के होते आणि सात किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांत ५०.१ टक्के. तुम्हाला सांगितलेले ‘साधारण दोन टक्के’ तिथून आले आहेत.

हा स्कोअर कॉम्प्युटरशिवाय बोटांवरही मोजता येतो, आणि तो तुमच्यासमोर एकदा मोजून दाखवला तर तुमच्या बऱ्याचशा शंकांचा उलगडा होईल. पाच बाबी आहेत आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. वय ४५ ते ६४ या टप्प्यात, म्हणून एक. ईसीजी नॉर्मल, म्हणून शून्य. ट्रोपोनिन नॉर्मल, म्हणून शून्य. धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा आणि जवळच्या नात्यात लवकर झालेला हृदयविकार एवढ्या मोजल्या जातात. यांपैकी एक किंवा दोन असल्यास एक गुण, तीन किंवा अधिक असल्यास दोन. यजमानांना बीपी आहे आणि सख्ख्या भावाची पन्नाशीत अँजिओप्लास्टी झाली आहे, म्हणजे दोन गोष्टी झाल्या आणि गुण एक. उरली पाचवी बाब, दुखण्याची हकीकत, आणि तिथे डॉक्टरांनी एक गुण दिला असावा. एकूण तीन.

आता यातल्या दोन जागा पाहा. पहिली जागा साखरेची. शिबिरात वाढलेली साखर खरोखर मधुमेहाच्या पातळीची असेल, तर धोक्याच्या गोष्टी तीन होतात, त्या बाबीचे गुण दोन होतात आणि स्कोअर चार, म्हणजे तो वरच्या गटात जातो. ती मधुमेहाच्या अलीकडची, नुसतीच काठावरची असेल, तर तीनच राहतो. हे एचबीएवनसी या, गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या, साध्या रक्ततपासणीने कळेल आणि ती तुम्ही वर्षभर टाळली आहे. दुसरी जागा हकिकतीची. छातीत मधोमध दाबल्यासारखे वाटणे आणि सोबत घाम, हे वर्णन ऐकून एखादे डॉक्टर दोन गुण देतील. जेवणानंतर सुरू झाले, हातात किंवा जबड्यात कळ गेली नाही, चालण्याशी संबंध नाही, हे ऐकून दुसरे एकच देतील. त्यांतल्या कोणालाही चूक म्हणता यायचे नाही. कॉम्प्युटर फक्त बेरीज करतो, पण काय भरायचे हे डॉक्टरांचा कान ठरवतो आणि डॉक्टरांच्या कानावर काय पडायचे हे घरचे लोक ठरवतात. तेव्हा जिवाचा निर्णय कॉम्प्युटरवर सोडला गेला, ही तुमची समजूत तितकीशी बरोबर नाही.

स्कोअर तीनचा चार झाला तर धोका एकदम दोनवरून सोळा टक्क्यांवर उडी मारतो असेही समजू नका. सोळा टक्के ही चार, पाच आणि सहा अशा सगळ्यांची सरासरी आहे आणि चार गुणांचा माणूस त्या गटाच्या पायथ्याशी उभा असतो. शिवाय यजमानांचे ट्रोपोनिन तीन तासांच्या अंतराने दोनदा नॉर्मल आले आहे, ही फार दिलाशाची बाब आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते, पण त्याला वेळ लागतो. दुखणे सुरू झाल्यावर तासाभरातच घेतलेल्या एकाच नमुन्यावर विसंबणे धोक्याचे असते. तुमच्या डॉक्टरांनी दहाच्या नमुन्यावर न थांबता एक वाजता दुसरा घेतला, हे त्यांच्या जागरूकतेचे लक्षण आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात नेमकी हीच रीत, म्हणजे स्कोअर तीन किंवा कमी आणि तीन तासांनी केलेले दुसरे ट्रोपोनिनही नॉर्मल, २८२ रुग्णांच्या अभ्यासात वापरली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या रीतीने लवकर घरी पाठवलेल्यांपैकी एकालाही पुढच्या तीस दिवसांत असा मोठा त्रास झाला नाही.

कॉम्प्युटरची गरजच काय, अनुभवी डॉक्टर पुरेसे नाहीत का, असे तुमचे दीर विचारतील. हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. छातीत दुखते म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना झटका आलेला नसतो, पण एखाद्याला घरी पाठवले आणि तो पहाटे दगावला तर, या धास्तीने डॉक्टर गरज नसलेल्या अनेकांनाही आयसीयूत ठेवत आणि खरोखर गरज असलेल्याला कधीकधी खाट मिळत नसे. ली गोल्डमन या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील येल-न्यू हेवनच्या रुग्णालयातील रुग्णांच्या माहितीवरून कॉम्प्युटरच्या साहाय्याने एक प्रश्नमार्ग तयार केला आणि तो बोस्टनमध्ये पडताळून पाहिला. १९८८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ४७७० रुग्णांवर डॉक्टरांच्या निर्णयांशी ताडून पाहिली, तेव्हा खरा झटका ओळखण्यात दोघे बरोबरीचे, सुमारे ८८ टक्के, निघाले. झटका नसलेल्यांना वगळण्यात मात्र कॉम्प्युटर ७४ टक्के आणि डॉक्टर ७१ टक्के असा थोडा फरक पडला. १९८४ मधला दुसरा अभ्यास न्यू इंग्लंडमधील सहा रुग्णालयांतला. तिथे डॉक्टरांच्या हाती एक छोटा कॅल्क्युलेटर देऊन धोक्याची टक्केवारी काढायला सांगितले, तर हृदयाचा तीव्र त्रास नसूनही आयसीयूत जाणाऱ्यांचे प्रमाण २४ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. पुढे हेच गणित ईसीजीच्या यंत्रात बसवले गेले आणि पट्टीच्या माथ्यावरच टक्केवारी छापून येऊ लागली. एडिंबरामध्ये तयार झालेले २०२३ चे साधन तर ट्रोपोनिनची नेमकी पातळी, वय, लिंग, दुखणे सुरू होऊन किती वेळ झाला अशा गोष्टी एकत्र पाहून शून्य ते शंभरपैकी आकडा देते. यंत्राला माणसापेक्षा अधिक कळते असा या अभ्यासांचा अर्थ नाही. रात्री दोन वाजता, कॅज्युअल्टीत सातवा रुग्ण तपासणाऱ्या थकलेल्या माणसाच्या अंदाजाला त्याने एक स्थिर आधार मिळतो, इतकाच अर्थ आहे, आणि माझ्या मते तोही काही थोडा नाही.

आता हमीविषयी. हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि जो डॉक्टर ‘काही होणार नाही, मी सांगतो’ म्हणतो त्याच्यापेक्षा दोन टक्के म्हणणारा डॉक्टर अधिक प्रामाणिक आहे. दोन टक्के म्हणजे यजमानांना दोन टक्के आजार आहे असे नव्हे. त्यांच्यासारखी हकीकत, त्यांचा वयोगट आणि तसेच रिपोर्ट असलेले शंभर लोक घेतले तर सहा आठवड्यांत साधारण अठ्ठ्याण्णव जणांना काही होत नाही आणि एकदोघांना होते. ते एकदोघे कोण, हे त्या रात्री कोणालाही ओळखता येत नाही. म्हणूनच घरी पाठवताना ‘आठवड्यात ओपीडीत या’ असे सांगतात. तो सल्ला त्या एकदोघांसाठी असतो आणि आपण त्यांत नाही हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तो शंभरही जणांनी पाळायचा असतो. यजमानांनी सल्ल्याचा पहिला भाग तेवढा ऐकला, हे मला दिरांच्या चिडण्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते.

मग शंका फेडायला सरळ अँजिओग्राफी का करू नये? कारण तीही बिनधोक नाही. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून केलेल्या या तपासणीत रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, क्वचित पक्षाघात किंवा झटका असे गंभीर प्रकार शंभरात एकापेक्षा कमी जणांना होतात; पण ज्याचा मूळ धोकाच दोन टक्क्यांच्या आसपास आहे, त्याच्या बाबतीत हा धोकाही हिशेबात धरावा लागतो. पन्नाशीच्या माणसाच्या रक्तवाहिनीत कुठेतरी तीस-चाळीस टक्के अडथळा सापडणे नवलाचे नाही आणि त्या रात्रीच्या कळीशी त्याचा संबंध नसण्याचीही पुरी शक्यता असते. तरीही एकदा ते चित्र पडद्यावर दिसले की घरच्यांना चैन पडत नाही आणि गरज नसलेल्या स्टेंटपर्यंत गोष्ट जाते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट यात मिसळते. बऱ्याच मेडिक्लेममध्ये किमान चोवीस तास भरती असल्याशिवाय खर्च मिळत नाही, त्यामुळे ‘ठेवूनच घ्या’ असा आग्रह कित्येकदा आजाराने नव्हे, विम्याने धरलेला असतो.

असे असले तरी परदेशात बनलेले हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावताना डॉक्टरांनी आणि आपणही सावध राहिले पाहिजे. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ होते, इतर देशांत ते ५८.८ होते. हार्ट स्कोअरमध्ये मात्र पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाला वयाचा एकही गुण मिळत नाही, मग तो डच असो की आपल्याकडचा. तंबाखूचे तर त्याहून विचित्र आहे. या स्कोअरमध्ये धूम्रपान मोजले जाते. मळून दाढेत धरलेला तंबाखू, मिश्री किंवा गुटखा यांना जागाच नाही. प्रत्यक्षात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक असतो, असे त्याच इंटरहार्टच्या माहितीतून दिसले आहे. तेव्हा ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला यजमानांनी खरे तेच उत्तर, ‘नाही’, दिले असेल, तरी खिशातली पुडी त्या हिशेबात आलेली नाही. ही उणीव डॉक्टरांनी आपल्या विवेकाने भरून काढायची असते आणि त्यासाठी पुडी आहे हे त्यांना कळावे लागते.

तुमच्या पत्रात विषय यजमानांचा असला तरी स्त्री वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटका आलेल्या ८८९ जणांपैकी १९ जणांना चुकून घरी पाठवले गेल्याचे आढळले. हे प्रमाणही दोन टक्क्यांच्या घरातले आहे, पण ते झटका आलेल्यांपैकी आहे, त्याची वरच्या दोन टक्क्यांशी गल्लत करू नये. हृदयाचा तीव्र त्रास असूनही घरी पाठवल्या गेलेल्यांमध्ये पंचावन्नच्या आतल्या स्त्रिया, मुख्य तक्रार दुखण्याऐवजी धाप लागण्याची असलेले आणि ईसीजी नॉर्मल असलेले यांचा भरणा तुलनेने अधिक होता. घरातल्या बाईला अचानक धाप लागली, मळमळले, जबडा दुखू लागला, तर ‘दगदग झाली’ म्हणून पडून राहायला सांगू नका. मधुमेह असलेल्यांनाही हेच लागू आहे; त्यांना कळ अगदी सौम्य किंवा मुळीच जाणवत नाही असे होते.

आणि काही प्रसंगी स्कोअर काढायचाच नसतो. ईसीजीमध्ये मोठ्या झटक्याची स्पष्ट खूण दिसली, बीपी कोसळले, किंवा छातीतली कळ फाटल्यासारखी पाठीत गेली, तर गणित करण्यात वेळ न घालवता उपचार सुरू करायचे असतात. गोव्यातील स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणारा मोठा झटका) प्रकल्पात छोट्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जातो आणि खूण पक्की झाली की गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तिथेच देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे हलवतात. तिथे कॉम्प्युटरचे काम टक्केवारी सांगण्याचे नसून मिनिटे वाचवण्याचे आहे.

आकडा रुग्णासमोर कसा मांडावा याचाही अभ्यास झालेला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा अमेरिकी रुग्णालयांतील ८९८ जणांच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना शंभर माणसांचे चित्र दाखवले आणि त्यांतल्या किती जणांना ४५ दिवसांत झटका किंवा त्याच्या आधीची अवस्था येते ते रंगवून दिले. हा आकडा कॉम्प्युटर जुन्या नोंदींमधून त्या रुग्णाशी मिळतेजुळते रुग्ण शोधून काढत असे. चित्र पाहून डॉक्टरांशी बोललेल्यांपैकी ३७ टक्के लोक पुढील तपासण्यांसाठी थांबले, नेहमीच्या पद्धतीने निर्णय झालेल्यांपैकी ५२ टक्के. आणि लवकर घरी गेल्यामुळे कोणाचे मोठे नुकसान झाल्याचे आढळले नाही. तुमच्या डॉक्टरांनी आकडा सांगितला, पण तो कशाचा आणि किती दिवसांचा हे समजावून सांगण्यात आणखी पाच मिनिटे घालवली असती, तर दीर इतके चिडले नसते आणि यजमानही इतके निर्धास्त झाले नसते. त्या डॉक्टरांवर माझा एवढाच आक्षेप आहे.

फिजिशियनकडे अजून गेला नसाल तर उद्याच जा आणि दिरांना सोबत न्या, कारण त्यांच्या अँजिओप्लास्टीचे कागद हा यजमानांच्या तपासणीचा भाग आहे. त्या रात्रीचा ईसीजी, दोन्ही ट्रोपोनिनचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घ्या. शिबिरातला साखरेचा कागद सापडला तर तोही घ्या, न सापडल्यास तोंडी सांगा. चुकणारी बीपीची गोळी आणि दिवसाला किती वेळा तंबाखू लागतो, हे यजमानांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. ते टाळाटाळ करू लागले तर तुम्ही सांगा, त्यात कमीपणा मानू नका. डॉक्टरांना विचारायचे ते इतके : ही नवी माहिती धरून यांचा धोका आता कोणत्या गटात मोडतो, तो किती दिवसांचा आहे, आणि आणखी एखादी तपासणी केल्याने आपला उपचार बदलणार आहे का. एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉल होईलच. त्यानंतर स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा सीटी अँजिओग्राफी (हृदयापर्यंत नळी न घालता स्कॅनवर काढलेले चित्र) लागेल की नाही हे ते ठरवतील. त्यांपैकी एखादीत दोष दिसला, किंवा चालताना-जिना चढताना छाती भरून येऊ लागली, तर नळीच्या अँजिओग्राफीसाठी पुण्याला जरूर जा. तेव्हा ते दिरांच्या भीतीपोटी नसेल, गरजेपोटी असेल.

मधल्या काळात तशीच कळ पुन्हा आली आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, किंवा घाम, धाप, चक्कर यांपैकी काहीही सोबत आले, तर १०८ ला फोन करा. ‘मागच्या वेळी स्कोअर तीन होता’ हे कारण तेव्हा चालणार नाही, कारण तो त्या रात्रीचा हिशेब होता. ओवा आणि इनो घेऊन वाट पाहू नका. पित्ताच्या औषधाने बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असा निष्कर्ष निघत नाही. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी जिभेखाली ठेवून पाहण्याचा प्रकारही करू नका. बीपी आधीच उतरलेले असेल तर ती अंगाशी येते. ॲस्पिरिन घरात ठेवावे का आणि कोणत्या प्रसंगी किती चावून खावे, हे उद्याच्या भेटीत डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी औषधाच्या पाकिटालाच लावून ठेवा.